पायाखालचा पत्रा

पर्शोर, ९ एप्रिल २०२४

डंकन,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी, त्यातली एक सही. गाडी विकून टाक, बाजार पडतोय, माझा हिस्सा पाठव. मम गेल्यानंतर चार वर्षांनी भावाचं पहिलं पत्र येतं, ते हे असं. फोनवर आपण दोघं भांडतो आणि ई-मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून मीसुद्धा आता कागदावरच लिहिणार. पर्थला पोचायला आठवडा लागला तर लागू दे. तेवढे दिवस तरी तुझा जाच नाही.

डॅडची जग्वार आपल्या दोघांच्या नावावर केली तेव्हा वकील डॅडना म्हणाला होता की कर वाचेल. कर वाचला असेल, माझं डोकं काही वाचलं नाही. तू तिकडे समुद्रकिनारी बसून हुकूम सोडायचे आणि मी इकडे येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून द्यायचा.

तर काल लिलाववाल्यांचा माणूस येऊन गेला. मिस्टर ऑर्मरॉड. अतिशय सभ्य, बोलण्यात मऊ, आणि माझ्या डोक्याला ताप. आधी बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर बघितला. कारखान्यातून निघताना होतं तेच इंजिन आजही आहे, हे पाहून त्यांना इतका आनंद झाला की चष्मा काढून पुसावा लागला. "एकसष्ट सालची, पहिल्या वर्षाची गाडी. मिस्टर वॅग्स्टाफ, तुम्ही काय जपून ठेवलंय याची कल्पना आहे का?" डॅड दारात उभे होते. ताठ. त्र्याऐंशीव्या वर्षीही सहा फूट चार इंच, आणि त्या क्षणी आणखी दोन इंच वाढलेले.

मग ऑर्मरॉड गाडीखाली आडवे झाले. काठीला लावलेला छोटा आरसा घेऊन. डॅड म्हणाले, "माझ्याकडे याहून बरा आहे," आणि दवाखान्यातला दात तपासायचा आरसा आणायला घरात गेले. दवाखाना बंद होऊन अठरा वर्षं झाली, तरी तो माणूस अजून कुणाच्याही तोंडात बघायला तयार असतो.

गाडीखालून आवाज आला, "हे पांढरं काय आहे?"

"मार्जोरीचं वॉशिंग मशीन," डॅड परत येता येता म्हणाले.

ऑर्मरॉडनी आरसा पुसून पुन्हा बघितलं.

तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नव्हतं, की एकसष्ट सालच्या त्या पहिल्या गाड्यांचा तळ सपाट होता. पाय ठेवायला खोलगट जागाच नाही. उंच लोकांनी इतकी बोंब मारली की कारखान्याने पुढच्या गाड्यांत तो पत्रा खाली घेतला. आणि आता गंमत बघ. ज्या गैरसोयीपायी लोक तेव्हा ओरडत होते, तिच्यासाठीच आज लोक जास्त पैसे मोजतात. आपल्या गाडीतली ती गैरसोय आपल्या वडिलांनी स्वतःच्या हाताने कापून काढली आणि तिथे ममच्या जुन्या मशीनच्या पत्र्याची परात बसवली. छान बसवली आहे, ऑर्मरॉडही म्हणाले. गंज नावाला नाही.

त्यानंतर आपल्या दोघांसाठी मागे केलेली बैठक निघाली. दवाखान्याच्या बाहेरच्या खुर्च्यांच्या गाद्या, आणि खाली आठ भोकं. मग डॅशबोर्डवरचा दातांचा दिवा, नकाशा वाचायला लावलेला. मग थर्मास अडकवायची कडी. प्रत्येक वेळी ऑर्मरॉड म्हणत, "अच्छा." अच्छा या शब्दाला इतका वाईट वास येऊ शकतो हे मला कालच कळलं.

आकडा त्यांनी मला फाटकाशी सांगितला, डॅडना ऐकू जाणार नाही असा. गाडी जशी जन्माला आली तशी असती तर एक लाख वीस हजार पौंडांच्या आसपास. आज आहे तशी, साठ. कुणी फारच हौशी भेटला तर पासष्ट.

डॅडना मी हा आकडा सांगितलेला नाही. तूही सांगू नकोस. एवढं एक ऐक.

पिप


पर्शोर, २८ एप्रिल

डंकन,

फोनवर तू मला विचारलंस की "हे सगळं काढून टाकायला असा कितीसा वेळ लागतो?" विचारून आले. ड्रॉइटविचजवळ एक जण आहे, अशाच गाड्या पुन्हा जशाच्या तशा करून देतो. सपाट तळाचे नवे पत्रे तयार मिळतात म्हणाला. काम सहा महिन्यांचं, कारण त्याच्या दारात आधीच रांग आहे. शिवाय विकताना सांगावं लागतं की पत्रा मूळचा नाही, म्हणजे पूर्ण किंमत येणारच नाही. आणि त्याची मजुरी ऐकून मी त्याच्या खुर्चीत बसले. खुर्चीवर तेल होतं. माझ्या करड्या पॅंटची वाट लागली, ते वेगळंच.

बाजाराबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे, मान्य. या गाड्यांचे शौकीन म्हातारे होत चाललेत आणि तरुणांना त्यात रस नाही. मी स्वतः बघते ना. दर रविवारी सकाळी अपटनच्या रस्त्यावर "द प्लो" पबच्या अंगणात सगळे जमतात, बेकन-पाव खातात आणि दुसऱ्याच्या गाडीत खोट काढतात. कुणाचा आरसा चुकीच्या सालचा, कुणाच्या स्क्रूची खाच चुकीची. सरासरी वय पंचाहत्तर. आपल्या गाडीला तिथे "दवाखाना" म्हणतात. डॅडना त्याचा राग येत नाही. उलट कुणी नवीन आला की स्वतःच दिवा लावून दाखवतात.

माझ्याविषयी म्हणशील तर ती गाडी गेली काय आणि राहिली काय, मला काही वाटत नाही. आत पेट्रोलचा वास येतो, माझं डोकं दुखतं. रविवारी सकाळी मी डॅडकडे जाते ती त्यांचे कपडे धुवायला. ते गाडी बाहेर काढतात तेव्हा फाटक उघडायला कुणीतरी लागतं, म्हणून थांबते. बस.

पण गेले दोन रविवार फाटक उघडावं लागलं नाही. गॅरेजला आतून कडी. आतून ग्राइंडरचा आवाज, मग ठोकाठोकी, मग बराच वेळ काही नाही. मी दार वाजवलं तर म्हणाले, "पॉलिश करतोय." ग्राइंडरने कोण पॉलिश करतं? बुधवारी त्यांच्या हातावर भाजल्याचा डाग दिसला. विचारलं तर म्हणाले टोस्टर. त्यांना वाटतं मी अजून सात वर्षांची आहे.

तू त्यांच्याशी काही बोललायस का? खरं सांग.

घराचं मला कळतं रे. बायको राहत्या घरातून बाहेर काढते तेव्हा डोक्यावर छप्पर लागतं, आणि पन्नाशी उलटल्यावर कुणी कर्ज देत नाही. ते तू पहिल्या पत्रात लिहिलं असतंस तर मी इतकी फणकारले नसते. पण ते तू लिहिणार नाहीस. तू बाजाराचे आलेख पाठवणार.

पिप


पर्शोर, १९ मे

डंकन,

आधी वाटलं होतं रागात लिहू नये. मग चहा घेतला, बागेत फेऱ्या मारल्या. राग काही जात नाही, तेव्हा तसाच वाच.

शुक्रवारी ऑर्मरॉड परत आले. मी बोलावलं नव्हतं, डॅडनी बोलावलं. स्वतः फोन करून. त्यांच्यासाठी टाय घातला होता. गॅरेजचं दार उघडून बाजूला झाले आणि म्हणाले, "आता बघा."

सगळं गेलं होतं. मागची बैठक नाही. दिवा नाही. थर्मासची कडी नाही. आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा सपाट. एका माणसाने, त्र्याऐंशीव्या वर्षी, उताणं पडून, स्वतः कापून, स्वतः वेल्डिंग करून. अंगावर गाडी आली असती म्हणजे?

ऑर्मरॉड पुन्हा खाली आडवे झाले. पुन्हा तो आरसा. मग उठून डॅशबोर्डवरून बोट फिरवलं. "मिस्टर वॅग्स्टाफ, ही भोकं कशाने बुजवलीत?"

"कॉम्पोझिट. दाढेत भरतात ते. रंग जुळवून घेतला. ते हलणार नाही, तीस वर्षांची खात्री."

हसू नकोस. मीसुद्धा हसले नाही. डॅड इतके आशेने त्यांच्याकडे बघत होते की मी भिंतीवर टांगलेले पाने मोजत उभी राहिले.

ऑर्मरॉडनी सांगितलं ते फार जपून सांगितलं, पण अर्थ एकच. आधी गाडी बदललेली होती, पण काय बदललंय ते उघड दिसत होतं, आणि ते एका माणसाचं जुनं, नीट काम होतं. आता ती बदललेलीही आहे आणि ते लपवलेलंही आहे. घेणारा म्हणणार, तळाला घरी केलेला सांधा आहे, भोकं भरलेली आहेत, आणखी कुठे कुठे काय बुजवलंय कुणास ठाऊक. "प्रामाणिकपणे सांगायचं तर आता पन्नाससुद्धा कठीण आहे."

डॅड म्हणाले, "पण सपाट तर आहे."

"आहे ना. अगदी सपाट आहे," ऑर्मरॉड म्हणाले. भला माणूस आहे.

मग कागदावर लिहायचं म्हणून त्यांनी विचारलं, की पहिल्यांदा तळ कापला तो कोणत्या साली? डॅडना विचार करावा लागला नाही. "सत्तरचा मार्च." आणि का कापला? तर म्हणाले, "माझे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना यायचे. ब्रेकवर पाय न्यायला गुडघा आधी बाहेर काढावा लागायचा. फ्लॅडबरीच्या वळणावर एकदा तो वेळेवर निघाला नाही. आम्ही प्लमच्या बागेत गेलो, कुंपण तोडून. मार्जोरी शेजारी होती, सहावा महिना. कुणाला काही झालं नाही. मी गाडी विकतो म्हणालो तर ती म्हणाली, एवढ्यातेवढ्यावरून गाडी कसली विकतोस, पाय ठेवायला जागा कर. मशीन तिनेच दिलं. तसंही ते पाणी सोडत नव्हतं."

तू जूनमध्ये झालास. मी बोटं मोजून बघितली, तूही मोज.

ऑर्मरॉड म्हणाले, अशी हकीकत कॅटलॉगमध्ये छापली तर कधीकधी हजार-दोन हजार जास्त येतात. मला त्यांच्या हातातली पेन्सिल मोडून टाकावीशी वाटली.

ते गेल्यावर मी डॅडना विचारलं, हे खूळ तुमच्या डोक्यात भरवलं कुणी? त्यांनी टाय काढून त्याची घडी केली. मग म्हणाले, "डंकनचा फोन आला होता. ईस्टरनंतर. तो म्हणाला की मी साठ हजार पौंड कापून भंगारात टाकले. विचारत होता, कुठला मूर्ख माणूस असं करतो." मग घडी खिशात घालत म्हणाले, "त्याचं बरोबर आहे गं. त्याला घर घ्यायचंय. मी निस्तरतोय."

मी तुला एकच गोष्ट सांगितली होती. एकच. आणि त्यांना बघ, मूर्ख म्हणवून घेतलं, पण कशासाठी कापलं ते तुला सांगितलं नाही. मी का नाही सांगितलं म्हणून ओरडले तर म्हणाले, "त्याने विचारलंच नाही."

आज रविवार होता. सकाळी मी फाटक उघडून उभी राहिले. डॅड टोपी घालून गॅरेजमध्ये गेले. बराच वेळ इंजिनाचा आवाज येईना, म्हणून डोकावले. एक पाय आत, एक बाहेर, एक हात छतावर. दुसरा पाय आत जातच नव्हता. आत गेला तर गुडघा स्टिअरिंगखाली अडके. तरुणपणी कसाबसा वळत असेल तो गुडघा, आता वळत नाही. मला बघून पाय बाहेर काढला आणि म्हणाले, "आज जरा गुडघा धरलाय. पुढच्या रविवारी बघू."

पॉलिश, टोस्टर, गुडघा. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं माणसाने.

पिप


पर्शोर, १६ जून

डंकन,

तुझं पत्र आलं. वाचलं. "मला माहीत नव्हतं" हे तू चार वेळा लिहिलंयस. ते मला लिहून काय उपयोग?

इकडची हकीकत अशी. गेल्या रविवारी हवा बरोबर नव्हती. लखलखीत ऊन होतं. त्याच्या आधी बॅटरी उतरली होती, मी बघितली, चांगली होती. आज म्हणाले, प्लोमध्ये हल्ली बेकन पूर्वीसारखं मिळत नाही. टोपी घालतात, गॅरेजपर्यंत जातात, दाराशी उभं राहून गाडीकडे बघतात आणि परत येऊन टोपी खुंटीला लावतात. मग दिवसभर टीव्हीसमोर बागकाम बघतात. त्यांना बागकाम आवडत नाही.

मी म्हटलं, डॅड, पुन्हा कापा. तुमची गाडी, तुमचे पाय. तर म्हणाले, "माझी कुठे? तुमच्या दोघांची आहे. डंकनला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. एकदा न विचारता केलं ते पुरे झालं." मी म्हटलं, मी विचारते. म्हणाले नको, त्याच्यावर दडपण येईल. मी म्हटलं, मग मी माझ्या अर्ध्या भागापुरती परवानगी देते, चालकाची बाजू माझी, शेजारची त्याची. हसलेसुद्धा नाहीत.

मग मी आणखी काय करणार? लिलाववाल्यांच्या कागदावर सही करून टाकली. खूश? बारा जुलैला ट्रक येणार आहे. तुझी सही राहिली आहे, कागद सोबत पाठवला आहे. त्यांना बसता येत नाही अशी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवण्यापेक्षा गेलेली बरी. जे पन्नास-बावन्न येतील ते येतील, त्यातला अर्धा हिस्सा तुझा. एका खोलीच्या घराची सुरुवात तरी होईल. मी हे टोमण्याने लिहीत नाहीये. तुला छप्पर हवंय आणि ते मिळायला हवं, हे मलाही कळतं.

पण सही करण्याआधी त्यांना एक फोन कर. मला नाही, त्यांना. माफी वगैरे मागू नकोस, त्यांना ती घेता येत नाही, ते खोलीतून उठून जातात. आणि मी लिहिलं म्हणून फोन केला, असंही म्हणू नकोस. त्यांनी मला शपथ घातली आहे, ती मी या पत्रात मोडली. मम असती तर तिने तुझा कान धरला असता आणि माझाही.

मागे मी लिहिलं होतं ना, की गाडी गेली तरी मला काही वाटणार नाही. ते सोड. कपडे मी बुधवारी धुते, रविवारी नाही.

पिप


पर्शोर, १४ जुलै

डंकन,

ट्रक परत पाठवला, आधी कळवायचं गडबडीत राहून गेलं. ड्रायव्हर दोन तासांचा रस्ता तुडवून आला होता, त्याला प्लमचा केक दिला, तरी तोंड वाकडंच. ऑर्मरॉडना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "अच्छा." या वेळी मात्र बरं वाटलं.

तुमचं फोनवर काय बोलणं झालं ते मला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. मी विचारलं, काय म्हणाला डंकन? डॅड म्हणाले, "बरा होता. काप म्हणाला." मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, "इकडची हवा विचारत होता." तासभर तुम्ही दोघं हवेवर बोललात. मी बाहेर भांडी पुसत होते, एकच बशी किती वेळा पुसली असेल.

फोन ठेवल्याबरोबर गॅरेजमध्ये. मी म्हटलं, आता ड्रॉइटविचच्या माणसाकडून करून घ्या, पैसे मी देते. ऐकतात कुठले. शेवटी तडजोड झाली, तो माणूस इथे आला, कापायचं काम त्याने केलं आणि हे महाशय खुर्ची टाकून शेजारी बसून सूचना देत होते. "जरा डावीकडे. अजून थोडं. दुखतंय का?" सवय आहे, त्याला काय करणार. त्या बिचाऱ्याने एवढी सुंदर सपाट जोडणी पहिल्यांदाच बघितली म्हणे, आणि ती कापताना त्याला रडू यायचं बाकी होतं.

आता गाडीची किंमत काय राहिली, ते मी विचारलेलं नाही. तीनदा कापलेल्या तळाला बाजारात काय नाव आहे ते मला ऐकायचंच नाही. तू आधी अर्ध्या किमतीसाठी भांडलास आणि मग उरलेली स्वतःच्या तोंडाने सोडून दिलीस. तुझं घर लांबलं, हे मला माहीत आहे. यावर मला काहीतरी चांगलं लिहायचं होतं, सकाळपासून दोन कागद फाडले. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. पर्थहून रोज ये-जा जमणार नाही, पण महिनाभर जमेल. बघ.

आज रविवार. सकाळी फाटक उघडलं. डॅड आत बसले, दोन्ही पाय एकदम, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. हात हलवायचीसुद्धा शुद्ध नव्हती. बेकन-पाव खाऊन दहापर्यंत यायला हवे होते. साडेअकरा झाले. मोबाइल अर्थातच इथे स्वयंपाकघरात, माझ्यासमोर चार्जिंगला. अकरापासून मी हे पत्र लिहितेय आणि दर ओळीला खिडकीतून बघतेय. या माणसाने मला म्हातारं करायचं ठरवलंय.

थांब, फोन वाजतोय.

तेच होते. कुणाच्या तरी घरून. पेट्रोल संपलं म्हणे. कुठे, तर पिंव्हिनच्या पलीकडे, म्हणजे प्लोच्या बरोबर उलट्या दिशेला. तिकडे कशाला गेला होतात, तर म्हणाले, "सहज." मी जाम ओरडले. सांगून जाता येत नाही, फोन नेता येत नाही, टाकीत बघता येत नाही. ज्यांच्या घरून फोन केला त्यांनासुद्धा ऐकू गेलं असणार. म्हटलं, त्यांच्याकडेच बसा, उन्हात उभे राहू नका, मी कॅन घेऊन निघालेच. तर म्हणाले, "उभा कशाला राहू? गाडीत बसतो. पाय छान लांब करून बसता येतं, पिप. तू घाई करू नकोस."

पिप